एका शब्दाचा फोन

"शाब्बास, आक्का! ठेवा आता," म्हणत दामूअण्णांनी फोन बंद केला, टेबलावर बोटांनी दोनदा टकटक केलं आणि माझ्याकडं पाहिलं. "खोलवाडी झाली. बघा मालनबाई, याला म्हणायचं केंद्र. दुपार झाली की फोन आलाच."

मी खाली बसून तांदूळ चाळत होते. कुणा भल्या माणसानं किडे लागलेला तांदूळ पोत्यात भरून वर 'पूरग्रस्त बांधवांना प्रेमपूर्वक' अशी पाटी चिकटवली होती. मी मान वर न करता नुसतं हं म्हटलं. त्या दिवसांत मी बहुतेक गोष्टींना हंच म्हणायची. जास्त बोलायला अंगात त्राण उरलं नव्हतं.

पूर ओसरून महिना उलटून गेला होता. पाणी होतं तोवर सगळं जग आमच्याकडं धावत होतं. गाड्यांना बॅनर बांधून माणसं यायची, फोटो काढायची, खोकी टाकून जायची. त्या खोक्यांत काय नव्हतं! शुगर-फ्री बिस्किटं होती, नदीकाठच्या कुठल्याही बाईनं आयुष्यात कधी शिजवला नसेल असा पास्ता होता, एका खोक्यात तर चक्क गरब्याचा घागरा निघाला. मग पाणी उतरलं आणि त्याबरोबर माणसांचा उत्साहही उतरला. गणपती आले आणि गेले, नवरात्र तोंडावर आलं, वर्तमानपत्रांना दुसरे विषय मिळाले. भूक मात्र जागची हलली नव्हती. उलट ती आता खरी सुरू झाली होती, कारण घरातलं धान्य कुजलं होतं, रानातलं पीक आडवं झालं होतं आणि मजुरीला कुणी बोलवत नव्हतं.

आमची अन्नपेढी मिरजेच्या अलीकडं, बेदाण्याच्या एका बंद पडलेल्या कोल्ड स्टोरेजमध्ये होती. भिंतींना अजून बेदाण्याचा आंबूसगोड वास यायचा आणि पोटात काही नसलं की तो नको नको व्हायचा. अन्नपेढी म्हणजे काय, तर जिथं जास्त झालंय तिथून आणायचं आणि जिथं नाही तिथं पोचवायचं. मंगल कार्यालयं, भुसार व्यापारी, कारखान्यांची कँटीन, जिथून मिळेल तिथून. सांगायला एका ओळीचं काम. पुराच्या दिवसांत ते करायला ढिगानं पोरं आली होती. आता उरलो होतो तिघं: टेम्पो चालवणारा बशीर मुल्ला, गोदाम सांभाळणारी मी आणि सगळ्याचं वेळापत्रक डोक्यात घेऊन फिरणारे दामूअण्णा हिंगमिरे.

अण्णा एसटीत कंट्रोलर होते. आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या, असं ते सांगायचे. आम्ही एसटीनं फिरलेली माणसं असल्यामुळं त्यावर काही बोलायचो नाही. आता ते नाहीत, पण त्यांची ती टेबलावरची टकटक मला अजून ऐकू येते. कंडक्टरच्या दोन घंट्या. म्हणजे चला, गाडी सोडा, इथलं काम झालं.

नदीकाठच्या गावांत आम्ही स्वयंपाकाची केंद्रं काढली होती. आठवड्याचा शिधा आम्ही टाकायचो आणि गावातलीच कुणी बाई ज्यांची चूल पेटत नाही अशा सगळ्यांसाठी रांधायची. फोनची रेंज यथातथाच. दोन शब्द बोलले की तिसरा गायब. म्हणून अण्णांनी नियम केला होता, की दुपारी पंगत उठली की केंद्रावरून एका शब्दाचा फोन यायचा. "'वाढलं' म्हणायचं आणि ठेवायचं. बाकीचं प्रवचन नको." फोन आला म्हणजे तिथली माणसं जेवली. नाही आला म्हणजे काहीतरी बिनसलंय, टेम्पो आधी तिकडं. नियम चांगला होता. त्या नियमानं कितीतरी वेळा आम्हाला वेळेवर जागं केलं होतं.

आणि खोलवाडीच्या तानूआक्काचा फोन कधी चुकला नव्हता. अण्णांनी तिला एकदाच पाहिलं होतं, पण तिच्यावर त्यांचा भारी जीव. बाकीच्या केंद्रांवरच्या बायकांना ते तिचं उदाहरण द्यायचे, आणि त्या बायका तिला मनातल्या मनात काय म्हणत असतील ते मला बरोबर ठाऊक होतं.

त्यात टेम्पोचा गिअरबॉक्स गेला. बशीर मिस्तरीच्या उरावर बसून होता, तरी काम सरकेना. सगळ्या फेऱ्या पुढं ढकलल्या गेल्या. गोदामातली थप्पी माझ्या कमरेइतकी उरली होती आणि ती कुणाला किती द्यायची यावरून माझं नि अण्णांचं रोज वाजायचं.

"हे बघा," अण्णा म्हणाले, "ज्यांचा फोन येतोय, ते जेवतायत. त्यांना दोन-चार दिवस थांबवता येईल. मळवाडीचा फोन काल नाही, आज नाही. गाडी सुटली की पहिली मळवाडी."

"आणि खोलवाडी? त्यांचाही आठवडा भरत आलाय."

"आक्काचा फोन रोज येतोय की. उलट आता आधीपेक्षा लवकर येतोय! तिनं काटकसरीनं पुरवलं असणार. अशी बाई प्रत्येक गावात पाहिजे होती."

दुसऱ्या दिवशीही तिचा फोन आला, अजून लवकर. अण्णांनी तो कानाशी घट्ट दाबून धरला. "कोण? हां, बोला आक्का... काय? समदं? वा वा! शाब्बास! ठेवा." टकटक. मग ते खुर्चीत मागं टेकून छताकडं बघत राहिले आणि एकाएकी म्हणाले, "मालनबाई, तिचा सत्कार करायला पाहिजे."

"कशाचा?"

"कामाचा. शाल, श्रीफळ. मळवाडीच्या वाटेवरच आहे खोलवाडी. पाच मिनिटं थांबू."

"अण्णा, त्या बाईचं घर पडलंय. शाल घेऊन ती ठेवणार कुठं?"

"माणसाला नुसतं धान्य लागत नाही. कौतुकही लागतं."

"मलाही लागतं," मी म्हटलं. "मी काय कुणाचं घोडं मारलंय?"

"तुम्हाला शाल दिली तर तुम्ही ती पोत्यावर झाकाल," ते म्हणाले. मला हसू आलं, कारण ते खरंच होतं. किती दिवसांनी हसले असेन कुणास ठाऊक.

टेम्पो सुटला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. मागं मळवाडीचा शिधा : तांदूळ, तूरडाळ, तेलाचे डबे, मीठ. पुढं केबिनमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीनं. अण्णांनी इस्त्रीचा बुशशर्ट घातला होता आणि मांडीवर शाल-नारळाची पिशवी अशी धरली होती, जणू लग्नाला निघालेत. दोन्ही बाजूंच्या बाभळींवर पुराचं प्लॅस्टिक लटकत होतं. चिखल वाळून त्याची धूळ झाली होती आणि ती खिडकीतून आत येत होती. बोलायला कुणालाच हुरूप नव्हता. बशीर मधेच म्हणाला, "गिअरबॉक्सचा आवाज अजून बरोबर न्हाई हं अण्णा. रस्त्यात बसला तर मला बोलायचं न्हाई." 

खोलवाडीच्या अलीकडं रस्त्याला लागून बांध आहे. त्या बांधावर पोरं बसली होती. टेम्पो दिसला की गावोगावची पोरं आरडत पळत येतात, मागं लोंबकळतात, बशीरच्या शिव्या खातात. ही पोरं जागची उठली नाहीत. नुसती मान वळवून बघत राहिली.

"शिस्त बघा!" अण्णा म्हणाले.

मला त्या शिस्तीनं बरं वाटलं नाही. पोरं अशी शिस्तीत कधी बसतात, ते चार लेकरं वाढवलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

केंद्र शाळेच्या व्हरांड्यात होतं. चूल थंड होती. राख भरून नेलेली, वर शेणाचा हात फिरवलेला. पातेली घासून लख्ख करून भिंतीशी पालथी मांडलेली. अशी स्वच्छता बघून अण्णांना अजूनच भरून आलं. तेवढ्यात तानूआक्का आतून आली. काटकुळी बाई, डोक्यावरून पदर, साठी कधीच ओलांडलेली. दाराच्या चौकटीला धरून ती उभी राहिली. चौकट सोडली तर पडेल की काय असं मला वाटलं. तिनं आधी टेम्पोकडं बघितलं, मग आमच्याकडं, आणि तिचे डोळे मिटल्यासारखे झाले.

"आला बाई एकदाचा," ती म्हणाली.

"येणारच की!" अण्णा पुढं झाले. "आक्का, आज खास तुमच्यासाठी आलोय. सगळ्या केंद्रांमध्ये तुमचं केंद्र..." आणि त्यांनी बोलता बोलता शाल उलगडून तिच्या खांद्यावर घातलीसुद्धा. नारळ हातात दिला. आक्कानं तो घेतला. ती शालीकडं बघत नव्हती, अण्णांच्या खांद्यावरून टेम्पोच्या मागच्या फळीकडं बघत होती.

"पोती उतरा की आधी," ती म्हणाली.

"ही मळवाडीची हायत आक्का," बशीर म्हणाला. "तुमचं पुढच्या फेरीला."

"पुढच्या?"

"तुमचं काय, व्यवस्थित चाललंय," अण्णा हसून म्हणाले. "रोज फोन येतोय तुमचा."

आक्का त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं नारळ खाली ठेवला, सावकाश, कारण वाकताना तिला भिंतीचा आधार लागत होता.

"व्हय. रोज करतुया फोन," ती म्हणाली. "तीन दिस झालं. शेजारच्या वस्तीवर चालत जाऊन करतुया, हितं धड लागत न्हाई म्हनून. तांदूळ वाढलं म्हनून सांगितलं. दुसऱ्या दिशी डाळबी वाढली म्हनून सांगितलं. काल म्हनलं, समदं वाढलं. तुम्ही दर टायमाला शाब्बास म्हनताय आन फोन ठेवताय. आन आज शाल घिऊन आलाय व्हय अण्णा?"

 माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

आमच्या घरी कुणी 'संपलं' म्हणत नसे. मीठ संपलं म्हणायचं नाही, मीठ वाढलं. कुंकू संपलं म्हणायचं नाही, कुंकू वाढलं. बांगडी फुटली नाही, वाढली. लहानपणी एकदा मी भरल्या घरात 'आई, पीठ संपलं' म्हणून ओरडले होते तेव्हा आईनं पाठीत असा धपाटा घातला होता, की आजही कुठल्या रिकाम्या डब्यापुढं तो शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडत नाही. घरातल्या लक्ष्मीला ऐकू जाईल असं वाईट बोलायचं नाही. शेजारणीकडं वाटी घेऊन गेलं आणि 'साखर वाढलीय' म्हटलं की शेजारीण न बोलता वाटी भरून द्यायची. हे नदीकाठच्या प्रत्येक घराला ठाऊक होतं. दामूअण्णांच्याही घराला ठाऊक होतं. पण अण्णांनी तो शब्द आपल्या वेळापत्रकात घेतला होता आणि तिथं त्याचा एकच अर्थ होता: पंगत झाली, माणसं जेवली, गाडी सोडा.

मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. इस्त्रीच्या बुशशर्टात तो माणूस एका क्षणात म्हातारा दिसायला लागला.

पुढचं मला तिथल्या बायकांनी तुकड्या-तुकड्यानं सांगितलं. पाहुण्यांकडं गेलेली घरं एकामागून एक परत आली होती. पाहुणे तरी किती दिवस ठेवणार? खाणारी तोंडं दुप्पट झाली आणि आठवडा निम्म्यावर असतानाच आक्काच्या हातात रिकामं पोतं आलं. तिनं फोन केला. तिकडून शाब्बास आलं. तिला वाटलं, अण्णांना कळलं, गाडी निघाली. तिनं पोरांना बांधावर बसवलं, गाडी दिसली की सांगा म्हणून. गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशी लवकर फोन केला, पुन्हा शाब्बास. तिसऱ्या दिवशी आणखी लवकर. तिनं फोन केला नसता, तर आमच्याच नियमानं टेम्पो दुरुस्त होताच तिचाच शिधा घेऊन आधी तिच्या दारात गेला असता.

मधल्या दिवसांत त्यांनी ओढ्याकाठचं अळू उकडून खाल्लं, पुराचा वास मारणारी ज्वारी धुऊन धुऊन भरडली, उरलेली ती शुगर-फ्री बिस्किटं पोरांना वाटली. एका अंगावर पिणाऱ्या लेकराची आई नुसत्या चहावर होती आणि लेकरू रडून रडून निपचित पडलं होतं. शिदू नावाचा एक म्हातारा आदल्या संध्याकाळी चक्कर येऊन पडला, त्याला ट्रॅक्टरवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. आक्कानं स्वतः काय खाल्लं होतं, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

"बशीर," अण्णा म्हणाले, "पोती उतरव."

"सगळी?"

 मळवाडीचा फोन दोन दिवस नव्हता. तिथंही पोरं होती. हे आमच्या कामातलं सगळ्यात घाण कोडं. एका गावाच्या तोंडातला घास काढल्याशिवाय दुसऱ्याच्या तोंडात घालता येत नाही, आणि रोज कुणीतरी तो काढायचा असतो.

"निम्मी," ते म्हणाले.

"निम्म्यानं दोन्हीकडं कमी पडेल," मी म्हटलं.

"मला गणित येतं मालनबाई!" ते ओरडले. त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदाच ऐकला. बशीर मुकाट्यानं फळी उघडायला गेला.

निम्मी पोती उतरवून तो मळवाडीला गेला. मी चूल पेटवली. बायकांनी डाळतांदूळ धुतले. आक्कानं नारळ फोडून त्याचे तुकडे आधी पोरांच्या हातावर ठेवले, म्हणजे खिचडी होईपर्यंत दम निघेल. शाल तिनं त्या बाळंतिणीच्या पाठीवर टाकली. पातेल्यातून वाफ यायला लागली तेव्हा पोरं बांधावरून उठून आली. आधी नुसती उभी राहिली. मग त्यांच्यात ढकलाढकली सुरू झाली, एक रडलं, एकानं दुसऱ्याला शिवी दिली. मला इतकं बरं वाटलं ती शिवी ऐकून.

आक्कानं सगळ्यांना जेवू घातलं. शेवटी ती ताटली घेऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसली तेव्हा अण्णा तिच्यापुढं खाली मातीत जाऊन बसले.

"आक्का, चूक माझी आहे."

ती जेवत राहिली.

"मला वाटलं, वाढलं म्हणजे पंगत झाली. तुम्ही नुसतं एकदा 'संपलं' म्हणाला असता..."

आक्काचा हात थांबला. ती रागावली होती, पण ओरडायला तिच्यात जोर नव्हता. त्यामुळं ती हळू बोलली आणि तेच जास्त लागलं.

"घर गेलं. म्हस दावणीला गेली, तिचं वरडणं अजून कानात हाय. मालकाचा फोटू गेला. ही भांडी गाळात घावली, तेवढी घासून घेतली. आन आता माझ्याच तोंडानं म्हनू व्हय, की संपलं? मग ऱ्हायलं काय माझ्याकडं?"

अण्णांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "पुढच्या खेपेला म्हणाल का? पोरांसाठी तरी?"

"न्हाई."

मला संताप आला. खरंच आला. दमलेल्या माणसाचा संताप असतो, ज्याला कुणावर निघायचं ते कळत नाही, तसला. मी पटकन बोलून गेले, "एका शब्दासाठी पोरं उपाशी राहिली तरी चालतील का आक्का?"

तिनं माझ्याकडं बघितलं, अगदी शांतपणानं. "तुझी आई म्हनली असती का गं?"

 आई नसती म्हणाली. उपाशी मेली असती, पण चुलीपाशी बसून तो शब्द तिनं उच्चारला नसता.

"मग आम्हाला कळायचं कसं?" अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी पडला होता.

आक्कानं ताटलीतला घास कालवला. "तांदळाचं कशाला इचारता?" ती म्हणाली. "मी जेवले का, तेवढं इचारा. अन्नावर बसून लबाड बोलायची न्हाई मी."

ऊन उतरायच्या सुमाराला बशीर आला. मागच्या फळीआड पोती तशीच होती. आम्ही दचकलोच.

"मळवाडीत सगळं बेस हाय," तो उडी मारून उतरत म्हणाला. "तालुक्याच्या कुठल्यातरी मंडळानं त्यांना शिधा टाकलाय. फोन पाण्यात पडला म्हनून कळवलं न्हाई. म्हनले, आमची पोती खोलवाडीला द्या." म्हणजे ज्यांचा फोन येत होता ते उपाशी होते आणि ज्यांचा येत नव्हता ते पोटभर जेवत होते. अण्णांनी हे ऐकलं आणि पोतं उतरवायला खांदा दिला. त्या वयात त्यांनी पोतं उचलू नये, पण मी अडवलं नाही. घरी परतताना गिअरबॉक्स खरखरत होता.

शिदू म्हातारा वाचला. तो आठवड्यानं चालत घरी आला, हे इथंच सांगून टाकते, कारण ही गोष्ट सांगताना मला कुणीतरी मधेच तेच विचारतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा गोदामात नेहमीपेक्षा लवकर आले. डोळे तांबारलेले. झोप झाली नव्हती हे दिसतच होतं. एका कार्यालयातून दोन पातेली जिलेबी आली होती, ती टिकायच्या आत शाळांना पोचवायची होती. एका व्यापाऱ्यानं हरभरा देतो म्हटलं होतं, तो सारखा फोन कट करत होता. बशीर पुन्हा टेम्पोच्या खाली झोपला होता. सकाळ कशी गेली ते कळलं नाही. दुपार झाली तेव्हा अण्णा टेबलाशी बसले. फोनची वाट बघत बसले नाहीत. त्यांनी स्वतःच फोन लावायला सुरुवात केली, आणि फोन स्पीकरवर ठेवला.

"माझ्या एकट्याच्या कानावर आता माझा विश्वास नाही," ते म्हणाले. "तुम्हीही ऐका मालनबाई."

केंद्रामागून केंद्र. सगळीकडं एकच प्रश्न. जेवलात का? बायका आधी गोंधळायच्या. मग कुणी जेवलो म्हणायची, कुणी आत्ता बसतोय म्हणायची, एकीनं तर लाजून फोनच ठेवून दिला. खोलवाडी त्यांनी शेवटी ठेवली होती. लागता लागेना. चार-पाच वेळा लावल्यावर खरखर आली आणि त्या खरखरीतून आक्काचा आवाज.

"आक्का, दामू हिंगमिरे बोलतोय. तुम्ही जेवलात का?"

"जेवले की. प्वाटभर जेवले. समदी जेवली."

अण्णांनी श्वास सोडला. आता ते फोन ठेवणार म्हणून मी चाळणीकडं वळले.

"आन तुम्ही?" पलीकडून आवाज आला.

अण्णांचा हात तसाच राहिला. पूर आल्यापासून आमच्याकडं फोनांचा नुसता पाऊस होता. तांदूळ आला का, गाडी कधी येणार, फोटो पाठवा, पावती द्या. आम्हाला हे कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरच्यांनीही विचारायचं सोडून दिलं होतं, कारण आम्ही घरी झोपायच्या वेळी जायचो. माझा डबा सकाळपासून खिळ्याला टांगलेला होता. अण्णांनी तर डबा आणायचंच बंद केलं होतं.

'झालं की' म्हणून टाकायचं असतं. आपण सगळे तसंच म्हणतो. अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"न्हाई आक्का," ते म्हणाले. "अजून न्हाई."

"आन ती बाई? कालची?"

"तीबी न्हाई. बशीरबी न्हाई."

"अगं आई! एवढ्या पोत्यांत बसून उपाशी?" आक्का जी सुटली, ती सुटलीच. आम्हाला काही अक्कल आहे की नाही, घरी बायकापोरं आहेत की नाही, तुम्ही आडवे झाला तर आमच्याकडं कोण बघणार. मधेमधे रेंज जायची आणि अर्धी शिवी तिकडंच राहायची. अण्णा फोनपुढं मान घालून शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते. ते हसत होते आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी टेबलावर पडत होतं. बशीर टेम्पोखालून बाहेर येऊन दारात उभा राहिला, हात काळे.

"बसा आधी जेवायला," आक्का म्हणाली. "मी फोन ठेवत न्हाई. भांड्याचा आवाज आला पायजे मला."

मी डबा काढला. भाकरी होती, पिठलं होतं, शेंगदाण्याची चटणी होती. एकीच्या जेवणाचे तीन वाटे केले. फोन मधे ठेवला आणि त्याच्याभोवती पोत्यांवर बसून आम्ही जेवलो.  पलीकडं पोरांचा कालवा ऐकू येत होता आणि कुठंतरी कोंबडं आरवत होतं. मधेच आक्का विचारायची, "झालं?" आणि अण्णा भरल्या तोंडानं म्हणायचे, "जेवतोय, जेवतोय."

खोलवाडीत त्या दिवसांत वीज आली नव्हती. फोन चार्ज करायला नदीपलीकडच्या गावी चालत जावं लागायचं, आणि आक्काचे पाय आदल्या दिवशीपर्यंत धड उभं राहायलाही तयार नव्हते. तरीही, आम्ही हात धुतले, डब्याला झाकण लावलं, त्याचा आवाज तिला ऐकू गेला, तेव्हाच तिनं फोन ठेवला.